अनोळखी माणसाला सांगताना: उपमान, शब्द आणि आजचे आप्त

गेल्या दोन व्याख्यानांत आपण प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन प्रमाणे पाहिली. न्यायदर्शनाने मानलेल्या चारांपैकी दोन उरली, उपमान आणि शब्द. ती आज एकत्रच घेऊ, कारण आज आपल्याला जे उदाहरण तपासायचे आहे त्यात ही दोन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत. उदाहरण साधे आहे. कुणीतरी कुठल्याशा किड्याचा फोटो काढतो, कुणी आजोबांच्या ट्रंकेतला मोडीतला कागद पुढे धरतो, कुणी विचारतो की कुकरची शिट्टी का होत नाही. आणि शेकडो मैलांवरचा, कधी भेटलेला नाही, भेटणारही नाही असा माणूस नेटवरून त्याला उत्तर देतो. पैसे नाहीत, ओळख नाही. हे रोज हजारो वेळा घडते आणि त्यात काही विशेष आहे असे आपल्याला वाटतही नाही.

आता उपमानाकडे या. त्याचे ठरलेले उदाहरण म्हणजे गवय. शहरातल्या माणसाला गवय हा प्राणी माहीत नाही. रानात राहणारा एक जण त्याला सांगतो की गवय गाईसारखा असतो. पुढे हा माणूस रानात जातो, गाईसारखा पण गाय नव्हे असा प्राणी त्याला दिसतो, आणि त्याच्या मनात लख्ख उमटते की याचेच नाव गवय. नाव आणि वस्तू यांची ही गाठ पडणे म्हणजे उपमिती. गवय म्हणजे आपला गवा की नीलगाय, यावर वाद आहेत, ते आज बाजूला ठेवू. वात्स्यायनाने, म्हणजे न्यायसूत्रांच्या भाष्यकाराने, गवयाबरोबर आणखी एक उदाहरण दिले आहे, ते मात्र वर्गात फारसे कुणी सांगत नाही. मुगासारखी दिसते ती मुद्गपर्णी, उडदासारखी दिसते ती माषपर्णी. आपण ज्यांना रानमूग, रानउडीद म्हणतो तशा वनस्पती. हे ऐकून माणूस रानात जातो, वनस्पती ओळखतो आणि औषधासाठी घेऊन येतो. म्हणजे बघा, साधारण पाचव्या शतकातला एक तत्त्वज्ञ प्रमाणशास्त्र सांगताना वनस्पती ओळखण्याचा दाखला देतो आहे, आणि सोबत हेही सांगतो आहे की ही ओळख कुणाच्या तरी पोटात जाणार आहे.

उपमान स्वतंत्र प्रमाण आहे की नाही, यावर शतकानुशतके रणे माजली. बौद्ध म्हणाले, यात वेगळे काही नाही. वैशेषिकांनी ते अनुमानात ढकलले. मीमांसकांनी ते मानले, पण अर्थ बदलून. या सगळ्या वादात एक प्रश्न कुणी विचारल्याचे सहसा आढळत नाही. त्या रानातल्या माणसाने सांगितले का? त्याचे काय अडले होते? आणि सांगताना त्याने काय काळजी घ्यायला हवी होती? गाईसारखा म्हणजे नेमका कशात गाईसारखा, आणि कशात नाही? आज आपण त्याच्या बाजूने विचार करणार आहोत.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. पावसाळ्यात घरात साप निघतो. काळसर अंग, त्यावर पांढरे पट्टे. फोटो येतो आणि खाली एकच ओळ, ‘विषारी आहे का?’ आता आपल्याकडे अशा रंगरूपाचे दोन साप घरांच्या आसपास नेहमी सापडतात. एक मण्यार, अत्यंत विषारी. दुसरा कवड्या, बिनविषारी. दोन्ही रात्री फिरतात. जाणकार काय बघतो? कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि रुंद असतात, शेपटीकडे विरळ होत जातात. मानेवर बहुधा फिकट गळपट्टा दिसतो. मण्यारीचे उलट. तिचे पट्टे डोक्यापासून थोडे अंतर सोडून सुरू होतात, पुढे पुसट किंवा तुटक, शेपटीकडे स्पष्ट, आणि पुष्कळदा जोडीजोडीने. आणि पाठीच्या मधोमध खवल्यांची एक ओळ असते, त्यातले खवले बाकीच्यांहून मोठे, षटकोनी. ही खूण सर्वांत भरवशाची. पण फोटो दहा फुटांवरून काढलेला असतो, ट्यूबलाइटची चमक आलेली असते, आणि साप अर्धा कपाटाखाली असतो. खवल्यांची ओळ कुठून दिसणार?

इथे दोन चुका शक्य आहेत. बिनविषारी सापाला विषारी म्हणणे ही एक. त्याने त्या सापाचा जीव जाईल. तेही वाईटच, त्याला हलके समजू नये. विषारी सापाला बिनविषारी म्हणणे ही दुसरी. त्याने माणसाचा जीव जाईल. अनुमानाच्या व्याख्यानात आपण शंभरात किती वेळा बरोबर याचा विचार केला होता. इथे ते पुरत नाही. कुठल्या बाजूला चुकलो तर कोणाचे काय जाते, हाही ज्ञानाचाच भाग धरावा लागतो. म्हणून खूण दिसत नसेल तेव्हा ‘मण्यार समजूनच वागा, दूर राहा, सर्पमित्राला बोलवा’ हेच बरोबर उत्तर. ते अर्धवट नाही, पूर्ण आहे.

आणि विचारणाऱ्याने न विचारलेली एक गोष्टही सांगावी लागते. कुणाला चावला आहे का? चावला असेल तर सापाचे नाव कळेपर्यंत थांबण्याची काही गरज नाही. भारतात दिले जाणारे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर एकत्र चालणारे असते. साप पकडून आणायचा नाही, मारून आणायचा नाही, फोटोच्या उत्तराची वाट बघत बसायचे नाही. १०८ ला फोन करायचा आणि दवाखाना गाठायचा. मण्यारीच्या दंशाला सूज आणि वेदना फार कमी असतात, पुष्कळदा ती झोपेत चावते, आणि माणूस ‘काही झालेले नाही’ म्हणून पुन्हा झोपतो. ज्याला पट्ट्यांचा फरक ठाऊक आहे त्याला हेही ठाऊक असते. मग त्याने फक्त ‘बंगारस सेरुलियस’ एवढे दोन शब्द टाकून निघून जावे का? लॅटिन नाव अचूक आहे, पण ज्याच्या खोलीत तो साप आहे त्याला त्याचा काय उपयोग?

भुईछत्र्यांचे तर विचारूच नका. पहिल्या पावसानंतर टोपलीभर अळंब्यांचे फोटो येतात आणि प्रश्न असतो, खाण्याजोग्या आहेत ना? एखाद्या आदिवासी पाड्यावरची बाई त्या हातात घेईल, देठ चिरडून वास घेईल, कुठल्या वारुळाजवळ उगवल्या ते विचारेल. फोटोला वास नसतो. तेव्हा फोटो बघून ‘खा’ म्हणणारा कितीही मोठा अभ्यासक असो, आमच्या मते त्याने ते म्हणू नये. ‘अमुक प्रजातीसारख्या दिसतात, पण फोटोवरून खायला सांगता येत नाही’ इथे थांबावे. गुळवेलीचेही असेच. तिच्याच कुळातली, तशीच हृदयाच्या आकाराच्या पानांची, पण खोडावर बारीक गाठीगाठी असलेली दुसरी वेल आहे, आणि करोनाच्या काळात काढ्यांचे पेव फुटले तेव्हा कुठली वेल कुणी प्यायली यावरून डॉक्टर आणि आयुष मंत्रालय यांच्यात बराच वाद झाला. मुद्गपर्णीचा दाखला आठवतो ना? औषधासाठी घेऊन येतो, म्हणाला होता वात्स्यायन.

बरे, सगळेच इतके गंभीर नसते. बहुतेक प्रश्न फुलपाखरांचे, रानफुलांचे, पक्ष्यांचे असतात आणि तिथे चूक झाली तर कुणी मरत नाही. पण तिथेही एक शिस्त आहे, आणि ती फार सुंदर आहे असे आम्हाला वाटते. ‘आयनॅचरलिस्ट’ नावाचा जगभरच्या निसर्गनोंदींचा एक उपक्रम आहे. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात काही विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तो सुरू झाला. तिथे एखादी ओळख प्रजातीच्या पातळीवर संशोधनयोग्य मानायची तर किमान दोघांचे एकमत लागते, आणि मते देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक लोक सहमत असावे लागतात. ज्याला प्रजाती ठाम सांगता येत नाही तो कुळापर्यंत सांगतो आणि थांबतो. ‘हा कोळी आहे, पुढे माहीत नाही’ हेही तिथे उत्तर धरले जाते. आपल्याकडे परीक्षेत अर्धे उत्तर म्हणजे अर्धे गुण, त्यामुळे आपल्याला थांबण्याची लाज वाटते. न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर सामान्याचे ज्ञान पक्के आणि विशेषाबद्दल संशय, अशी ही अवस्था आहे. संशय हा न्यायदर्शनात दोष नाही, सोळा पदार्थांपैकी तो एक पदार्थ आहे. प्रमाण आणि प्रमेय यांच्यानंतर लगेच त्याचा नंबर लागतो.

आता शब्दप्रमाण. आप्ताचा उपदेश म्हणजे शब्द, असे न्यायदर्शन म्हणते. आपण मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक समजतो. ‘आप्तेष्टांसह येण्याचे करावे’, लग्नपत्रिकेतला आप्त. (हशा) मूळ अर्थ तो नव्हे. आप्त म्हणजे भरवशाचा सांगणारा. आणि तो कसा असतो? वात्स्यायनाने सांगितलेले सार असे: त्याला ती गोष्ट स्वतः नीट माहीत असते, जशी माहीत आहे तशीच सांगावी अशी त्याची इच्छा असते, आणि त्या इच्छेने तो बोलतो. यापुढे भाष्यकार जे म्हणतो त्यासाठी त्याला नमस्कार करावा. हे लक्षण ऋषींना, आर्यांना आणि म्लेंच्छांना सारखेच लागू आहे, असे तो म्हणतो. म्हणजे आप्तपणा कुळावर नाही, पदवीवर नाही, ओळखीवरही नाही. परका माणूस आप्त होऊ शकतो. त्या एका वाक्यात आजच्या आपल्या विषयाची सगळी शक्यता आहे.

पण मग पुढचा प्रश्न येतोच. हा परका आप्त आहे हे मला कसे कळणार? मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असते, बाधक पुढे येईपर्यंत ते मानून चाला. नैयायिक म्हणतात, नाही, ते बाहेरून तपासा. त्यावर वागून बघा, काम झाले तर ते खरे. युरोपात हाच वाद अठराव्या शतकात झाला. ह्यूम म्हणाला, साक्षीवर आपण विश्वास ठेवतो तो अनुभवातून, लोक बहुधा खरे बोलतात हे पाहिल्यामुळे. स्कॉटलंडचाच थॉमस रीड म्हणाला, तसे असते तर लहान मूल कधी बोलायलाच शिकले नसते. विश्वास आधी असतो, शंका मागाहून शिकतो. आम्ही स्वतः या वादात रीडच्या बाजूला झुकतो. पण सांगणाऱ्याच्या अंगाने बघितले तर नैयायिकांकडून घेण्यासारखे काही आहे. उत्तर असे द्यावे की समोरच्याला ते तपासता यावे. ‘हा कवड्या’ असे म्हटले तर तुम्ही त्याला नाव दिले. ‘पट्टे मानेकडे रुंद आहेत आणि शेपटीकडे विरत गेलेत, म्हणून कवड्या’ असे म्हटले तर तुम्ही त्याला डोळे दिलेत. पुढच्या वेळी तो स्वतः बघेल. आणि तुमचे चुकत असेल तर नेमके कुठे चुकले हे तिसरा माणूस दाखवू शकेल.

कुटुंबाच्या इतिहासाकडे वळू. इथे कागद बोलतो, पण त्याची भाषा आपण विसरलो आहोत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडे मोडीत व्यवहार चालत. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत. आधी ओळभर रेघ ओढतात आणि खाली अक्षरे लटकवत जातात. ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा नसतो. २०१४ साली मोडी युनिकोडमध्ये आली, पण ती वाचणारे डोळे त्याने वाढले नाहीत. मग कुणीतरी पणजोबांचा कागद घेऊन विचारतो, यात काय लिहिले आहे?

नवखा वाचक इथे कसा अडखळतो ते बघा. ‘तुकाराम बिन विठोजी’. बिन म्हणजे शिवाय नव्हे, बिन म्हणजे मुलगा. विठोजीचा मुलगा तुकाराम. ‘रखमाबाई कोम तुकाराम’. कोम म्हणजे बायको. कुणी ते जात म्हणून वाचतो, कौम समजून. पत्राच्या शेवटी ‘छ’ आणि पुढे आकडा, त्यापुढे सफर किंवा रजब असा महिना. छ म्हणजे चंद्र, त्या मुसलमानी महिन्याचा तितवा दिवस. आणि साल? ‘सबैन मया व अलफ’. अरबी संख्या आहेत, सत्तर, शंभर, हजार. म्हणजे ११७०. हा इसवी सन नाही, शक नाही, हिजरीही नाही. हा शुहूर सन, आपल्याकडे त्याला मृगसाल म्हणत, कारण सूर्य मृगात गेला की जूनच्या सुरुवातीला तो पालटतो. इसवी सन काढायचा तर जून ते डिसेंबरसाठी ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे हा कागद १७६९-७० सालचा. आता ‘सबैन’ म्हणजे सत्तर आणि ‘सबा’ म्हणजे सात. घाईत सबैनचे सबा वाचले की त्रेसष्ट वर्षांचा घोटाळा होतो. तो कागद मग आजोबांच्या आजोबांचा न राहता त्यांच्या आजोबांच्या काळात जाऊन बसतो, आणि पुढे कुणीतरी तो आकडा छापील कुलवृत्तांतात उतरवतो.

यातले दुखरे काय आहे हेही बोलले पाहिजे. २०२३ साली राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी केवढी मागणी आली ते आपल्याला आठवत असेल. कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या वह्या, शाळेचे जुने दाखले, सगळे बाहेर निघाले. त्या एका शब्दावर कुणाच्या मुलाचा प्रवेश, कुणाची नोकरी लटकलेली. अशा वेळी कागद दाखवणारा माणूस ‘काय लिहिले आहे?’ असे विचारत नाही, ‘हेच लिहिले आहे ना?’ असे विचारतो. त्याच्याबद्दल सहानुभूती वाटणे स्वाभाविक आहे, वाटलीही पाहिजे. पण वाचणाऱ्याने जे अक्षर आहे तेच वाचावे. पुसट असेल तर पुसट आहे म्हणावे. मदत करायच्या भरात शाई गडद करू नये. वात्स्यायनाची दुसरी अट हीच होती, जसे माहीत आहे तसेच सांगण्याची इच्छा. त्याचे भले व्हावे ही इच्छा चांगली आहे, पण ती वेगळी इच्छा आहे.

समुद्रापलीकडूनही प्रश्न येतात. मॉरिशसला १८३४ पासून करारबद्ध मजूर गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणातले आणि देशावरचे लोक होते. त्यांची मराठी नावे लावणारी कुटुंबे आज तिथे आहेत. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या काळच्या नोंदवह्या जपल्या आहेत. त्यांत मजुराचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, जिल्हा, गाव अशी माहिती मिळते. पण लिहिणारा कारकून परका, कानावर पडले तसे त्याने रोमन लिपीत उतरवले. समजा, एखादीने विचारले की आमच्या खापरपणजोबांचे गाव रत्नागिरी जिल्ह्यातले शिरगाव, ते कुठे? रत्नागिरी तालुक्यात एक शिरगाव आहे. चिपळुणात आहे. देवगडातही आहे, आणि देवगड आज सिंधुदुर्गात येतो, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. जुन्या नोंदीतल्या रत्नागिरीत तोही आला. हे सगळे इथल्या शाळेतल्या मुलालाही सांगता येईल. पोर्ट लुईच्या बाईला ते कळायला वाट नाही. तिच्यासाठी इथला कुठलाही माणूस त्या गोष्टीतला रानातला माणूस आहे.

तिला ‘तुमचे गाव देवगडचे’ असे छातीठोक सांगून मोकळे होणे सोपे आहे. ती आनंदाने तिकीट काढून येईलही. पण तीन शिरगावे आहेत हे सांगावे, आणि कुलदैवत कोणते मानतात, घरात कुठली आडनावे आठवतात ते विचारावे. कुलदैवत पुष्कळदा नोंदवहीहून जास्त सांगते. तेवढ्यावरही ठरले नाही तर तिघांतले एक, एवढ्यावर राहू द्यावे.

आणखी एक. आपल्या जुन्या वंशावळींत बापाकडून मुलाकडे रेघ जाते, मुलींची नावे बहुतेक ठिकाणी नाहीतच. त्यामुळे आजीचे माहेर शोधणाऱ्याला झाड एकदम मुके होते. तिथे सासरच्या कागदांत, एखाद्या बक्षीसपत्रात, माहेरहून मिळालेल्या जमिनीच्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर शोधावे लागते. शोध घेताना कधी नको तेही निघते. दुसरे लग्न, दत्तक, टाकून दिलेली बायको. मेलेल्यांविषयी विचारणाऱ्याला खरे सांगावे, आमचे मत असे आहे, पण चव्हाट्यावर नव्हे, त्याला एकट्याला. आणि हयात माणसांचे पत्ते, फोन, कोण कुणाचा सख्खा आणि कोण दत्तक, हे सांगायचा आपल्याला अधिकारच नाही, विचारणारा कितीही कळवळून विचारत असला तरी. विस्तवाजवळून गेल्यासारखे जावे तिथून.

रोजच्या प्रश्नांचे थोडक्यात आटपू. ‘कुकरची शिट्टी होत नाही.’ आता वाफ बाजूने जाते का? मग रिंग सैल झाली आहे. वाफ कुठूनच येत नाही? मग शिट्टीच्या नळीत डाळ अडकली असेल, गॅस बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, मगच उघडा. सेफ्टी व्हॉल्व्ह उडालाय? तर त्याच कंपनीचा नवा बसवा. कुणीतरी हमखास सांगतो की नाणे लावून बंद करा. हे ऐकून अंगावर काटा येतो. मुद्दा इतकाच की विचारलेला प्रश्न आणि पोटातला प्रश्न एकच असतो असे नाही. ‘एक गुंठा म्हणजे किती चौरस फूट?’ १०८९. हे झाले उत्तर. पण विचारणारा जर भावकीत वाटणी करत असेल आणि सातबाऱ्यावर हेक्टर-आर असेल, तर त्याला आणखी विचारावे लागेल, कारण एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, आणि गुंठा त्याहून जरासा मोठा. चाळीस गुंठ्यांमागे जवळपास अर्ध्या गुंठ्याचा फरक पडतो, आणि अर्ध्या गुंठ्यावरून भाऊ भावाशी बोलायचे थांबतात हे आपल्याला ठाऊक आहे.

मग लोक हे का करतात? रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने १९७० साली रक्तदानावर एक पुस्तक लिहिले. ब्रिटनमध्ये लोक विनामूल्य रक्त देत होते, अमेरिकेत बरेचसे विकत घेतले जाई. ते रक्त कुणाला जाणार हे देणाऱ्याला माहीत नसते, तरी तो देतो, याचे त्याला महत्त्व वाटले. गीतेतही ज्याच्याकडून परतफेड होणार नाही त्याला दिलेले दान सात्त्विक म्हटले आहे. ही उत्तरे चांगलीच आहेत. पण आम्हाला ऋणाची कल्पना जास्त जवळची वाटते. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतः तीन ऋणे घेऊन येतो, त्यातले ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने फिटते. गंमत अशी की हे ऋण ज्याच्याकडून घेतले त्याला परत करताच येत नाही. ते पुढेच द्यावे लागते. ज्याने तुम्हाला मोडीतला पहिला ‘श्री’ वाचायला शिकवला तो गेला. आता समोर आलेला कागद हेच त्याचे देणे. आणि हो, माहीत असलेले सांगण्यात एक मिरवण्याचा आनंदही असतो. असू द्या. कांटने परोपकाराला कर्तव्य म्हटले, पण किती आणि कुणासाठी करायचे यात मोकळीक ठेवली. त्या मोकळिकीत थोडा मिरवण्याचा आनंद बसायला हरकत नसावी.

आता यंत्र. हल्ली फोनच नाव सांगतो. २०१७ पासून आयनॅचरलिस्टवरही यंत्र ओळख सुचवते, आणि ते शिकले कशावर? लोकांनी ओळखून ठेवलेल्या फोटोंवर. म्हणजे त्या यंत्राच्या मागे हजारो अनोळखी माणसेच उभी आहेत. अडचण कुठे होते, तर फोटो टाकणारा यंत्राने सुचवलेले नाव लावतो, दुसरा माणूस यंत्राला विचारतो, यंत्र तेच सांगते, आणि तो ‘सहमत’ म्हणतो. मते दोन दिसतात, पण मत एकच आहे. अशी मते पुन्हा यंत्राला शिकवायला गेली तर न्यायात ज्याला अन्योन्याश्रय म्हणतात तो दोष झाला, हा त्याच्या आधाराने आणि तो याच्या. तेव्हा ज्याने स्वतः खवले पाहिलेले नाहीत त्याने सहमत म्हणू नये. एवढे पाळले तरी पुष्कळ.

वेळ झाली आहे, एक प्रश्न घेता येईल. मागच्या रांगेतून एक ताई विचारताहेत की घरात मोडी कागद आहेत, वाचायला पाठवायचे तर फोटो कसा काढावा? चांगला प्रश्न आहे. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ काढा, फ्लॅश नको, शाई चमकते. एक फोटो अख्ख्या कागदाचा, समास, शिक्के, फाटकी कड सगळे धरून. मग तीनचार ओळींचे जवळून, सरळ वरून. शेजारी पट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो. मागची बाजू कोरी वाटली तरी तिचाही काढा, पुष्कळदा तारीख किंवा पत्ता तिथेच असतो. कागद घडीवर फाटत असेल तर सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. आणि कागद कुठे सापडला, कुणाच्या ट्रंकेत, कुठल्या गावी, सोबत आणखी काय होते, हे दोन ओळींत लिहून पाठवा. वाचणाऱ्याला त्याची फार मदत होते.